भारतीय सैन्यातील डिव्हिजनची रचना व तिच्यातील स्थित्यंतरे : पुणे डिव्हिजन ते रुद्र ब्रिगेड

प्रस्तावना

लष्करी इतिहासावरील मराठी लेखनात लढाया, सेनानी आणि पराक्रम यांना जेवढे स्थान लाभले आहे, तेवढे सैन्याच्या रचनेला लाभलेले नाही. पलटणीत किती कंपन्या, ब्रिगेडमध्ये किती पलटणी, डिव्हिजनबरोबर किती तोफा आणि किती खेचरे, हा तपशील रूक्ष वाटतो व बहुधा परिशिष्टात ढकलला जातो. वस्तुतः या रूक्ष कोष्टकांमध्ये राज्यकर्त्यांच्या भविष्यविषयक कल्पना दडलेल्या असतात. कोणत्या शत्रूशी, कोणत्या भूमीवर, किती काळ लढावे लागेल, याचा अंदाज बांधल्याशिवाय डिव्हिजनची रचना ठरविताच येत नाही. अंदाज चुकला तर त्याची किंमत कोष्टक बनविणाऱ्याला क्वचितच मोजावी लागते. ती पलटणीतल्या शिपायाला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात १९०३ पासूनच्या भारतीय सैन्यातील डिव्हिजनचा विचार या दृष्टीने केला आहे. त्यात सहाव्या, अर्थात पुणे डिव्हिजनला अधिक जागा दिली आहे. कारण अपेक्षित युद्ध व प्रत्यक्ष युद्ध यांतील अंतर त्या डिव्हिजनच्या वाट्याला आले तेवढ्या उघडपणे क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल.

संज्ञा आणि उगम

डिव्हिजन म्हणजे पायदळ, तोफखाना, अभियंते, संदेशवहन, रसद व वैद्यकीय पथके यांचा एका सेनापतीच्या हाताखालील असा संघ, की जो काही दिवस स्वतःच्या बळावर चालू शकतो, लढू शकतो, जेवू शकतो आणि आपल्या जखमींची काळजी घेऊ शकतो. पलटण वा ब्रिगेड यांना हे सर्व एकट्याने साधत नाही. संख्येच्या दृष्टीने डिव्हिजन साधारणतः दहा ते वीस हजारांची असते, परंतु संख्या हे तिचे खरे लक्षण नव्हे. स्वयंपूर्णता हे तिचे लक्षण होय.

या कल्पनेचा जन्म अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये, रस्त्यांच्या अडचणीतून झाला. एका रस्त्यावरून एका दिवसात ठरावीक संख्येचेच सैन्य पुढे सरकू शकते. पन्नास हजारांची फौज एकाच वाटेने निघाली तर तिचा शेवट दुसऱ्या दिवशीही मुक्कामावर पोहोचत नाही. म्हणून फौज अनेक समांतर वाटांनी नेणे भाग पडते; आणि मग प्रत्येक वाटेवरच्या तुकडीला, शेजारच्या तुकड्या मदतीस येईपर्यंत, एकटीने टिकाव धरता आला पाहिजे. सप्तवार्षिक युद्धात मार्शल द ब्रोग्ली याने अशी विभागणी वापरली. राज्यक्रांतीनंतर १७९३-९४ च्या सुमारास फ्रेंच सैन्यात पायदळ, घोडदळ व तोफखाना एकत्र असलेल्या डिव्हिजन रूढ झाल्या. नेपोलियनने अनेक डिव्हिजन मिळून कोअर बनविली. इंग्रजांनी हे तंत्र उशिरा उचलले. वेलिंग्टनने स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत १८०९ मध्ये आपल्या फौजेची डिव्हिजनमध्ये विभागणी केली.

याच काळात हिंदुस्थानात महादजी शिंदे यांच्या पदरी असलेल्या द बॉयनने उभारलेल्या कंपूंचा येथे उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. सुमारे दहा पलटणी, त्यांच्या जोडीला तोफा, घोडेस्वार आणि त्यांचा खर्च भागविण्यासाठी लावून दिलेला मुलूख, अशी कंपूची रचना होती. युरोपातील डिव्हिजनशी तिचे साम्य नाव बाजूला ठेवले तर सहज ध्यानात येते. पुढे मराठी भाषेत ‘कंपू’ हा शब्द गटबाजी करणाऱ्या टोळक्यापुरता उरला, हा शब्दांच्या नशिबाचा भाग.

ब्रिटिश हिंदुस्थानात ‘डिव्हिजन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात प्रचलित होता, परंतु तो बहुतांशी प्रदेशवाचक होता. अमुक डिव्हिजन म्हणजे अमुक छावण्यांवर देखरेख करणारा अधिकारी व त्याची कचेरी. युद्ध उद्भवले की निरनिराळ्या छावण्यांतून पलटणी उचलून मोहिमेपुरती फौज जमविली जाई आणि मोहीम संपताच ती विसर्जित होई. सेनापती व पलटणी यांची ओळख रणांगणावरच व्हायची.

किचनेर यांची फेररचना

मुंबई, मद्रास व बंगाल या तीन इलाख्यांची स्वतंत्र सैन्ये १८९५ मध्ये मोडीत निघाली होती. १९०२ च्या अखेरीस सरसेनापती म्हणून आलेल्या लॉर्ड किचनेर यांनी पुढचे पाऊल टाकले. १९०३ मध्ये सर्व पलटणींना एका सलग क्रमाने नवे क्रमांक मिळाले. मराठा पलटणी १०३, ११०, ११७ अशा आकड्यांनी ओळखल्या जाऊ लागल्या त्या तेव्हापासून. ज्या संघात लढायचे त्याच संघात शांततेच्या काळात शिक्षण घ्यायचे, हे किचनेर यांचे तत्त्व होते. त्यानुसार पेशावर, रावळपिंडी, लाहोर, क्वेट्टा, महू, पुणे, मेरठ, लखनौ व सिकंदराबाद अशा नऊ डिव्हिजन ठरल्या. ब्रह्मदेशाची डिव्हिजन निराळी होती.

या फेररचनेमागील अपेक्षित युद्ध स्पष्ट होते. रशिया अफगाणिस्तानातून खाली उतरेल, आणि त्याला पेशावर-काबूल व क्वेट्टा-कंदाहार या दोन मार्गांवर अडवावे लागेल. डिव्हिजनच्या जागा लोहमार्गांच्या अनुरोधाने ठरविल्या गेल्या. सरहद्दीवरील टोळ्यांशी होणाऱ्या चकमकी हे रोजचे वास्तव असल्याने खेचरांवर वाहून नेता येणाऱ्या पहाडी तोफांना महत्त्व आले आणि मैदानी तोफखान्याकडे दुर्लक्ष झाले.

डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेड, ब्रिगेडमध्ये चार पलटणी. त्यांपैकी एक ब्रिटिश व तीन हिंदी. शिवाय एक पायोनिअर पलटण, एक घोडदळ रेजिमेंट आणि सफरमैनांच्या दोन कंपन्या. तीन हिंदी पलटणींमागे एक गोरी पलटण, हे प्रमाण युद्धशास्त्रातून आलेले नव्हते. ते १८५७ च्या भयातून आले होते. त्याच भयापोटी पहाडी बॅटऱ्यांसारखे थोडे अपवाद वगळता तोफखाना गोऱ्यांच्या हाती राखण्यात आला होता. या धोरणाचा एक परिणाम सहसा नजरेआड होतो. हिंदी डिव्हिजनच्या तोफा वाढवायच्या म्हणजे विलायतेहून गोलंदाज आणायचे. आणि त्यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून द्यायचा. साहजिकच तोफा वाढल्या नाहीत. १९१४ मध्ये ब्रिटनमधील डिव्हिजनपाशी ७६ तोफा होत्या. पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली ती मैदानी तोफखान्याच्या एका ब्रिगेडसह, म्हणजे १८ तोफा घेऊन. पहाडी तोफा काय त्या वेगळ्या. राज्यकर्त्यांचा प्रजेवरील अविश्वास अशा रीतीने डिव्हिजनच्या मारक शक्तीतून वजा झाला होता.

किचनेर यांच्या व्यवस्थेतील दुसरा दोष वरच्या पातळीवरचा होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील लष्करी सभासदाचे पद सरसेनापतींच्या वाटेतील अडथळा ठरते, असा त्यांचा आग्रह होता. या वादात लॉर्ड कर्झन यांनी १९०५ मध्ये राजीनामा दिला आणि कालांतराने सैन्याचे नेतृत्व व सैन्याचा कारभार ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे आली. किचनेर यांच्यासारख्या माणसाला ते ओझे कदाचित पेलवले असते. सर बोशँप डफ यांच्या कारकिर्दीत महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते पेलवेनासे झाले, असे पुढे चौकशी आयोगाने केलेल्या टीकेवरून दिसते.

पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात

सहाव्या डिव्हिजनच्या तीन ब्रिगेड पुणे, अहमदनगर व बेळगाव या नावांनी ओळखल्या जात आणि त्यांचे क्रमांक १६, १७ व १८ असे होते. प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक मराठा पलटण होती. सोळाव्या ब्रिगेडमध्ये ११७ वी, सतराव्यात १०३ वी आणि अठराव्यात ११० वी. ऑक्टोबर १९१४ मध्ये सोळावी ब्रिगेड मुंबई बंदरातून निघाली आणि ६ नोव्हेंबरला इराणच्या आखाताच्या माथ्याशी फाव येथे उतरली. उद्दिष्ट मर्यादित होते. इराणी तेलवाहिनी व आखाताचा माथा यांचे रक्षण करावयाचे होते. उरलेली डिव्हिजन मागोमाग आली, नोव्हेंबरात बसरा आणि डिसेंबरात कुर्ना पडले. येथवर डिव्हिजनच्या रचनेवर ताण आला नाही, कारण समुद्र पाठीशी होता व बोटी धक्क्याला लागत होत्या.

एप्रिल १९१५ मध्ये सर जॉन निक्सन यांच्याकडे मोहिमेची सूत्रे आणि मेजर जनरल टाउन्सेंड यांच्याकडे सहावी डिव्हिजन आली. जूनमध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कूत, अशी आगेकूच तैग्रिस नदीच्या काठाने होत गेली. प्रत्येक विजयाबरोबर पुढच्या शहराचा मोह वाढला. बसऱ्याहून बगदाद नदीमार्गाने सुमारे ८०० किलोमीटर. मुलखात पक्के रस्ते नाहीत, लोहमार्ग नाही. जे काही न्यायचे ते उथळ नदीतून, कमी पाण्यात चालणाऱ्या मोजक्या आगबोटींतून.

येथे एक साधे गणित आहे, पण ते निर्णायक ठरले. डिव्हिजन जितकी पुढे जाते तितकी प्रत्येक बोटीची फेरी लांबते. फेरी लांबली की तीच बोट महिन्यातून कमी वेळा पोहोचते. म्हणजे आघाडी पुढे सरकली की बोटींची संख्या तेवढीच राहूनही रोजचा पुरवठा घटतो. आणि आघाडीवरची माणसे तर वाढतच असतात. सरहद्दीसाठी बांधलेल्या डिव्हिजनच्या कोष्टकात खेचरे व उंट यांना जागा होती, आगबोटींना नव्हती. बोटींची मागणी सिमल्याकडे, तेथून लंडनकडे आणि पुन्हा परत असा कागदी प्रवास करीत राहिली. काटकसर हा त्या काळच्या हिंदुस्थान सरकारचा धर्मच होऊन बसला होता. पुणे डिव्हिजन मात्र वरून आलेल्या आज्ञेनुसार बगदादच्या दिशेने निघाली.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉन येथे लढाई झाली. पहिली तुर्की फळी डिव्हिजनने घेतली, परंतु हे करताना सुमारे ४,६०० माणसे ठार व जखमी झाली. पायदळाची अर्ध्याच्या आसपास संख्या एका लढाईत खर्ची पडली आणि बदली सैन्य जवळपास कोठेही नव्हते. जखमींची व्यवस्था अंदाजाच्या मानाने पार कोलमडली. वैद्यकीय पथके अपुरी होती व डोलीवाल्या कहारांची संख्या तोकडी. मग स्प्रिंग नसलेल्या लष्करी खेचरगाड्यांतून, ज्यांत एरवी पीठ व दारूगोळा भरला जाई, मोडलेल्या हाडांची माणसे वाळवंटातून नदीपर्यंत आणण्यात आली. तेथून मेजिदिया बोटीवर व तिला बांधलेल्या पडावांवर त्यांना दाटीवाटीने निजवून बसऱ्यास पाठविण्यात आले. बोट बसऱ्यास लागली तेव्हा तिची अवस्था पाहणाऱ्या मेजर कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने स्पष्ट शब्दांत अहवाल दिला. त्याबद्दल वरिष्ठांनी त्याला गप्प बसण्याची ताकीद दिली होती, हे पुढे आयोगासमोर आले. डिव्हिजनची व्याख्या करताना ‘आपल्या जखमींची काळजी घेऊ शकणारा संघ’ असे म्हटले जाते. त्या कसोटीवर सहावी डिव्हिजन टेसिफॉनला डिव्हिजन राहिली नव्हती.

३ डिसेंबरला डिव्हिजन कूतमध्ये परतली आणि चार दिवसांत वेढा पडला. तो १४७ दिवस चालला. वेढ्यातील उपासमारीचे स्वरूपही डिव्हिजनच्या रचनेशी निगडित आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी होय. एकाच डिव्हिजनमध्ये दोन प्रकारचे शिधे होते. गोऱ्या पलटणी पांढऱ्या पिठाचा पाव व घोड्याचे मांस खात; त्यांच्यात बेरीबेरी पसरली. हिंदी शिपायांनी धर्म व गावातील लोकनिंदा यांच्या विचाराने घोड्याचे मांस बराच काळ नाकारले; त्यांना स्कर्व्ही झाली. कोकणातून व देशावरून आलेला मराठा शिपाई हिंदुस्थानात परतल्यावर जातपंचायतीपुढे काय सांगणार, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही युद्धपुस्तिकेत नव्हते. एप्रिलमध्ये विमानांतून धान्य टाकण्याचा प्रयत्न झाला, पण ते पुरण्यासारखे नव्हते. २९ एप्रिल १९१६ रोजी कूतने शरणागती पत्करली. सेवकवर्ग धरून सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली. बंदिवासातील कूच व मजुरी यांत ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक आणि हिंदी शिपायांपैकी हजारो मरण पावले.

सुटकेसाठी पाठविलेल्या फौजेची कथा याहून बोधप्रद आहे. तिसरी लाहोर व सातवी मेरठ या दोन डिव्हिजन फ्रान्समधून बसऱ्यास आल्या. कागदावर त्या पूर्ण होत्या. परंतु त्या जहाजांत भरताना लढाईचा क्रम पाळला गेला नाही. पलटण आधी, तिचा तोफखाना नंतर, इस्पितळ आणखी नंतर. पुढे नेण्यास बोटी अपुऱ्या असल्याने जी पलटण उतरेल ती वर पाठवली गेली आणि अनोळखी पलटणींच्या ब्रिगेड वाटेतच बनविल्या गेल्या. किचनेर यांनी ज्या पद्धतीला मूठमाती दिली होती, नेमकी तीच पद्धत त्यांच्याच डिव्हिजनच्या वाट्याला पुन्हा आली. जानेवारी ते एप्रिल १९१६ या काळात मदतीच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे ठार व जखमी झाली. आणि त्याच वेळी बसऱ्यात हजारो सैनिक बोटींअभावी तिष्ठत होते.

मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याच चर्चेत हिंदुस्थान सरकारच्या एकूण कारभारावर कडक टीका करणारे एडविन माँटेग्यू त्यांच्या जागी आले आणि २० ऑगस्ट १९१७ ची सुप्रसिद्ध घोषणा त्यांनी केली. घटनात्मक इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ही घोषणा येते, तिच्यामागची आगबोटींची टंचाई येत नाही. ती घोषणा केवळ कूतमुळे झाली असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. तथापि या दोन प्रकरणांतील अंतर पाठ्यपुस्तकांत दिसते तेवढे मोठे नाही.

जनरल मॉड यांनी ऑगस्ट १९१६ नंतर बोटी, लोहमार्ग, मोटार-रुग्णवाहिका, मशीनगन कंपन्या व पुरेसा तोफखाना मिळेपर्यंत आगेकूच लांबविली. मग ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. शिपाई त्याच हिंदी सैन्याचे होते. भोवतीची व्यवस्था तेवढी बदलली होती.

दुसरे महायुद्ध : नगरची सतरावी डिव्हिजन

१९१८ च्या प्रारंभी मनुष्यबळाच्या टंचाईमुळे फ्रान्समधील ब्रिटिश डिव्हिजन बारा पलटणींवरून नऊंवर आल्या. त्याआधी जर्मनांनी आपल्या डिव्हिजनमधील रेजिमेंट चारवरून तीनवर आणल्या होत्या. तोफा व मशीनगन वाढल्या की तेवढ्याच जागेसाठी कमी पायदळ पुरते, हा त्यामागचा अनुभव होता. दुसऱ्या महायुद्धातील हिंदी डिव्हिजन याच ‘तीन गुणिले तीन’ साच्याची होती. ब्रिगेडमध्ये एक ब्रिटिश व दोन हिंदी पलटणी हा सर्वसाधारण प्रघात. मात्र तिच्या बरोबरीला आता २५ पौंडी ७२ तोफा होत्या आणि १९३५ पासून हिंदी गोलंदाजांच्या मैदानी तोफखान्यास आरंभ झाला होता. इजिप्तमधील चौथी डिव्हिजन सिदी बर्राणी, केरेन व पुढे कॅसिनो येथे लढली ती या स्वरूपात.

महाराष्ट्राशी अधिक निकटचा संबंध सतराव्या डिव्हिजनचा आहे. ती १९४१ मध्ये अहमदनगर येथे उभी राहिली, आणि इराक व वाळवंट हे तिचे अपेक्षित क्षेत्र होते. म्हणून तिला मोटारगाड्या मिळाल्या व शिक्षणही त्याच धर्तीचे मिळाले. जपानने युद्ध पुकारताच तिच्या ४४ व ४५ क्रमांकाच्या ब्रिगेड मलायाकडे वळविण्यात आल्या; ४५ वी जानेवारी १९४२ मध्ये मुआर नदीवर नष्ट झाली, ४४ वी सिंगापूरबरोबर गेली. उरलेली ४६ वी ब्रिगेड व इतर काही ब्रिगेड घेऊन डिव्हिजनचे मुख्यालय ब्रह्मदेशात लढू लागले. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी सित्तांग नदीवरील पूल उडविण्यात आला तेव्हा डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडेच होता. मोटारी रस्त्यावर अडकल्या होत्या आणि जपानी पायदळ जंगलातून वळसा घालून पुढे आले होते.

यानंतर जे घडले ते भारतीय सैन्याच्या इतिहासातील फेररचनेचे सर्वांत यशस्वी उदाहरण मानावयास हरकत नाही. सतरावी ‘लाइट’ डिव्हिजन झाली. दोनच ब्रिगेड, जीपगाड्या आणि खेचरे. मोटारीने रस्त्याला बांधले जाण्यापेक्षा खेचराने डोंगरात शिरणे बरे, हा धडा तिने घेतला व तिद्दिम-इंफाळ मार्गावर १९४४ मध्ये तो उपयोगी पडला. परंतु ती त्या धड्यालाही चिकटून बसली नाही. ब्रह्मदेशाचे मध्यवर्ती कोरडे मैदान समोर येताच तिच्या दोन ब्रिगेड मोटारींवर चढविण्यात आल्या, तिसरी विमानाने नेता येईल अशी केली गेली, आणि मार्च १९४५ च्या आरंभी रणगाड्यांसह तिने मेइक्तिला घेतले. तीन वर्षांत तीन रूपे. शत्रू व भूमी यांचा प्रत्यक्ष अनुभव कोष्टकापर्यंत लवकर पोहोचला तर काय होऊ शकते, याचे ते प्रत्यंतर होते. अर्थात त्याआधी दोन ब्रिगेड संपूर्ण गेल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

चौथी डिव्हिजन : १९६२ आणि १९६५

स्वातंत्र्योत्तर काळात अपेक्षित युद्ध पंजाबच्या मैदानातले होते. चौथी डिव्हिजन अंबाला येथे त्या तयारीत होती. १९५९ च्या अखेरीस सीमेवरील तणावामुळे तिला ईशान्य सीमा प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, हलविण्यात आले. मैदानासाठी बांधलेली डिव्हिजन, तिची वाहने व तोफा घेऊन, हिमालयाच्या पायथ्याशी आली. वर चढणारे रस्ते मात्र अजून व्हायचे होते. तोफा पायथ्याजवळ आणि शिपाई दिवसचे दिवस चालून शिखरांवर, अशी विभागणी आपोआप झाली.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू ओढ्याच्या काठी ब्रिगेडियर दळवी यांची सातवी ब्रिगेड मोडून पडली. तिच्यापाशी पुरेसा तोफखाना नव्हता, थंडीचे कपडे नव्हते, आणि विमानांतून टाकलेली रसद बरीचशी दऱ्याखोऱ्यांत जात होती. ही हकिकत परिचित आहे. तुलनेने कमी परिचित अशी बाब पुढच्या महिन्यातील आहे. नोव्हेंबरात से ला, दिरांग व बोमडिला या रेषेवर ‘चौथी डिव्हिजन’ या नावाखाली ६२, ६५ व ४८ या ब्रिगेड होत्या. डिव्हिजनच्या मूळच्या ५, ७ व ११ या ब्रिगेडपैकी एकही तेथे नव्हती. सातवी नष्ट झालेली, अकरावी वालाँगला, पाचवी अन्यत्र. डिव्हिजनचा सेनापतीही ऐन युद्धात बदललेला. म्हणजे तेथे होते ते एक मुख्यालय, एक लाल गरुडाचे बोधचिन्ह आणि इतरत्रच्या ब्रिगेड. १९१६ मध्ये तैग्रिसकाठी जे घडले त्याची ही पुनरावृत्तीच होती. १७ ते २० नोव्हेंबर या चार दिवसांत ती रेषा कोसळली. या पराभवाची चर्चा व्यक्तींच्या गुणदोषांभोवती फिरत राहिली, ते काही अंशी योग्यही आहे. परंतु एकमेकांना न ओळखणाऱ्या ब्रिगेड हेही एक स्वतंत्र कारण होते आणि त्याला पुरेसे वजन मिळालेले नाही.

युद्धानंतर सैन्याची मर्यादा ८,२५,००० आणि डिव्हिजनची संख्या २५ ठरविण्यात आली. त्यांपैकी दहा पर्वतीय असावयाच्या होत्या. पर्वतीय डिव्हिजन म्हणजे हलक्या तोफा, कमी व छोटी वाहने, खेचरे. चौथी डिव्हिजनही पर्वतीय झाली. आणि सप्टेंबर १९६५ मध्ये ती लढली ती पंजाबच्या सपाट मैदानात, खेमकरण विभागात, पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनसमोर! मैदानी डिव्हिजन पर्वतात गेली तेव्हा पराभव झाला होता. आता पर्वतीय डिव्हिजन मैदानात उतरली होती, तीही सहा पलटणींनिशी. पहिल्या दोन दिवसांत तिची आगेकूच फसली व तिला मागे यावे लागले.

तरीही ८ ते १० सप्टेंबरला असल उत्तर येथे निकाल वेगळा लागला. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी उसाच्या शेतांतून घोड्याच्या नालाच्या आकाराचा मोर्चा बांधला, शेतांत पाणी सोडून जमीन चिखलाची केली, आणि दुसरी स्वतंत्र चिलखती ब्रिगेड त्यांच्या मदतीस होती. पॅटन रणगाडे चिखलात व नालाच्या आत अडकले. भारतीय गणनेनुसार ९७ रणगाडे निकामी झाले अथवा हाती लागले. जीपवरील रिकॉइललेस तोफेने रणगाडे टिपताना १० सप्टेंबरला धारातीर्थी पडलेले परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद हे चौथ्या ग्रेनेडिअर्स पलटणीचे. ही पलटण तीन वर्षांपूर्वी नामका चू येथे होती. रचनेतील उणीव येथे उसनवारीने, म्हणजे डिव्हिजनबाहेरच्या रणगाड्यांनी, आणि भूमीच्या अचूक उपयोगाने भरून निघाली.

१९७१ मध्येही पूर्व बंगालच्या नद्यांच्या मुलखात उतरलेल्या डिव्हिजनपैकी बहुसंख्य पर्वतीयच होत्या. फरक एवढाच की या वेळी तयारीस अनेक महिने मिळाले आणि कोठे पूल लागतील, कोठे जादा तोफा लागतील, याचा विचार आधी झाला.

अलीकडील बदल

१९७५ मधील कृष्णराव समितीनंतर यांत्रिकीकरणास वेग आला. १९८० च्या दशकात जनरल सुंदरजी यांच्या काळात दोन पायदळ ब्रिगेडना एक यांत्रिक ब्रिगेड जोडून मैदानी डिव्हिजनचा ‘रॅपिड’ हा नवा प्रकार सिद्ध झाला. हा प्रकार वेगासाठी होता; परंतु डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर ‘पराक्रम’ मोहिमेत आक्रमक कोअर सीमेवर पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागले. तोपर्यंत राजनैतिक परिस्थिती बदललेली होती. डिव्हिजन व कोअर यांचा आकारच आता अडचण ठरतो, हा विचार येथून बळावला. ब्रिगेडपेक्षा मोठा व डिव्हिजनपेक्षा लहान असा एकात्मिक युद्धगट त्यातून पुढे आला आणि २०१९ मध्ये अरुणाचल प्रदेशातील ‘हिमविजय’ सरावात त्याची चाचणी झाली.

अन्य देशांतही हे हेलकावे दिसतात. अमेरिकेने २००४ च्या सुमारास ब्रिगेडला युद्धाचे मुख्य घटक केले आणि दीड-दोन दशकांनी पुन्हा डिव्हिजनकडे मोर्चा वळविला. रशियाने २००८ नंतर बहुतेक डिव्हिजन मोडून ब्रिगेड केल्या, व काही वर्षांतच त्यांतील काही पुन्हा उभ्या केल्या. चीनने २०१७ च्या फेररचनेत बहुतांश डिव्हिजन काढून ब्रिगेड आणल्या. यांपैकी कोणाचा अंदाज खरा, हे कोष्टके वाचून ठरविता येणार नाही.

२६ जुलै २०२५ रोजी द्रास येथे कारगिल विजय दिनी लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी ‘रुद्र’ ब्रिगेडची घोषणा केली आणि दोन पायदळ ब्रिगेडचे या प्रकारात रूपांतर झाल्याचे सांगितले. पायदळ, यांत्रिक पायदळ, रणगाडे, तोफखाना, विशेष दले व मानवरहित विमाने एका ब्रिगेडमध्ये आणण्याची ही योजना आहे. एकेकाळी डिव्हिजनच्या पातळीवर होणारी जुळणी आता ब्रिगेडच्या पातळीवर उतरली आहे. तिच्यासाठी रसद व इतर साहाय्याचीही खास व्यवस्था असल्याचे त्याच घोषणेत नमूद होते. यादीतील तिचा क्रम शेवटचा होता.